पान अकरावरची चौदा तारीख

१

सोमवारी सकाळी ‘पदाउक’ साप्ताहिकाचे संपादक ऊ थाउंग ल्विन यांना ऑफिसातून उचललं, ते एका आकड्यापायी. सोळाच्या जागी चौदा छापलं गेलं होतं.

मंगळवारी दुपारी जीप दॉ ओन चींच्या दारात येऊन उभी राहिली. रंगूनमध्ये दारात अशी जीप थांबली की शेजाऱ्यांची दारं आपोआप लागतात. ती लागली. ‘पदाउक’मध्ये तीस वर्षं प्रूफं तपासून दॉ ओन ची निवृत्त झाल्या, त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. त्यांनी हातातला चिरूट विझवला, उरलेला जपून डब्यात ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

कॅप्टन मो झॉ वयानं त्यांच्या मुलाएवढा होता आणि बोलायला फार गोड, ‘सयामा’ म्हणजे ‘बाई’ म्हणून हाक मारणारा. त्यानं टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

“चष्मा लावा, सयामा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यात. आज एक माझ्यासाठी शोधा.”

दोन्ही कागद पान अकराचेच. डाव्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत वुन्नाच्या मृत्यूची नोटीस होती. वुन्ना ‘पदाउक’चा बातमीदार, वय एकोणतीस. खाडीकाठी पूर आला तेव्हा नऊ माणसं दगावली असं सरकारनं जाहीर केलं. वुन्ना गावोगाव हिंडला आणि त्यानं दोनशे अकरा नावं लिहून आणली. अशी यादी जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरेल असा कायदा होताच. त्याखाली तीन महिन्यांपूर्वी तो आत गेला. गेल्या बुधवारी, दहा तारखेला, त्याच्या आईच्या हाती राख ठेवली आणि सोबत एक टाइप केलेला कागद. मुलगा सुटून घरी आला, दहा तारखेला तापानं वारला, सातव्याचं दान सोळा तारखेला. असंच छापून आणायचं.

माणूस गेला की त्याचा जीव सात दिवस घराभोवती असतो. सातव्या दिवशी भिक्षूंना जेवू घालायचं, पाठ म्हणवून घ्यायचा आणि त्याला वाट मोकळी करून द्यायची. गेला तो दिवस धरून सात. दहाला गेला असेल तर सातवा सोळाला. पण ‘पदाउक’मध्ये छापलं होतं चौदा, म्हणजे वुन्ना आठला गेला, आणि आठला तो कोठडीत होता. हे गणित इथलं शेंबडं पोरही बोटांवर करतं. शनिवारी अंक निघाला. रविवारी, चौदाला, वुन्नाच्या आईच्या गल्लीत सहाशे माणसं आली. कुणी घोषणा दिली नाही. मांडी घालून बसली, जेवली, हात जोडून गेली.

“हे छाननी कचेरीनं शुक्रवारी, छपाईआधी तपासून शिक्का मारलेलं प्रूफ,” कॅप्टननं डावा कागद पुढे सरकवला. “इथे सोळा. हा छापलेला अंक. इथे चौदा. मधल्या वेळात तुमच्यापैकी कुणीतरी हात मारलाय. संपादक म्हणतो, जे छापलं ते सगळं माझं. मला त्याचा बाणा नको, नाव हवंय.”

“मी त्या आठवड्यात ऑफिसात नव्हते.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला कुणी सांगणार नाही. तुम्हाला सांगतील. गुरुवारी दुपारी बारापर्यंत नाव आणा. नाही आणलंत तर ऊ थाउंग ल्विनना सात वर्षं.”

ऊ थाउंग ल्विनना साखरेचा आजार होता. डाव्या पायाची दोन बोटं आधीच गेली होती. सात वर्षं म्हणजे ते परत घरी येणार नव्हते, आणि हे कॅप्टनलाही ठाऊक होतं. त्यांचा पहिला लेख तपासला होता दॉ ओन चींनी. त्यात एकोणीस चुका होत्या आणि त्यांनी प्रत्येकीसाठी त्यांना झापलं होतं.

कॅप्टननं सिगारेट शिलगावली, तेवढा वेळ त्या प्रूफाकडे बघत राहिल्या. नोटीस. शेजारी सुक्या मासळीच्या चटणीची कृती. खाली हसऱ्या पोरीची नूडल्सची जाहिरात. कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, तारीख बारा जुलै. छापलेल्या पानाशी तंतोतंत जुळणारं, फक्त तो आकडा सोडून.

त्यांना काहीतरी खटकलं. काय खटकलं ते मात्र सांगता येईना. पूर्वी असं झालं की त्या पान बाजूला ठेवून चहा पिऊन यायच्या. इथे चहाला जायची सोय नव्हती.

२

‘पदाउक’च्या ऑफिसात कपाटं उघडी टाकलेली होती आणि फाइली नेलेल्या. नोटिसांच्या खिडकीमागे मा न्वे नी बसली होती. गालावरचा थनाखाचा लेप रडून रडून ओघळला होता.

“रडून झालं असेल तर बोल,” दॉ ओन ची म्हणाल्या.

“सयामा, मी काही केलं नाही हो.”

“हे न विचारता सांगणाऱ्याचाच मला पहिला संशय येतो. वुन्नाची नोटीस तू घेतलीस?”

“बुधवारी संध्याकाळी. त्याची आई आली होती, दॉ ए म्या. टाइप केलेला कागद होता. त्यावर सोळाच होतं, आईशप्पथ.”

“मग चौदा आलं कुठून?”

दॉ ओन चींनी पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. पोरीनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे त्यांना दारातूनच कळलं होतं. निम्मं केळं संपल्यावर ती बोलली.

“कागद दिला आणि खिडकीत तोंड घालून हळूच म्हणाल्या, पोरी, तारीख चौदा घाल. तुरुंगातल्या एका माणसानं सांगितलंय, माझा मुलगा आठलाच गेला. सोळाला मी कुणाला जेवू घालू? तो चौदालाच निघणार ना? ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी दारात कुणी नसेल तर तो जाईल कसा?”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी खिडकी लावून घेतली, सयामा.” ती पुन्हा रडायला लागली. “त्यांच्या तोंडावर लावली.”

आपल्या वेळी दॉ ओन चींनीही अशा खिडक्या लावल्या होत्या, आणि त्यातली एकही त्या विसरल्या नव्हत्या.

“आणखी कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. कागद मुकाट्यानं को झेयाच्या टेबलावर ठेवला. पान तोच लावतो ना.”

“आणि आई घरी गेली?”

“नाही.” मा न्वे नीनं डोळे पुसले. “त्या खालच्या चहाच्या दुकानात जाऊन बसल्या. झेया रोज सहाला चहाला उतरतो.”

३

बुधवारी सकाळी दॉ ओन चींनी झेयाला त्याच दुकानात गाठलं. सव्वीस वर्षांचा, बोटं नेहमी हलती, तोंड त्याहून जास्त. शेजारच्या टेबलावर एक माणूस वर्तमानपत्र धरून बसला होता.

“तो तीन दिवस तेच पान वाचतोय,” झेया पुटपुटला. “एव्हाना पाठ झालं असेल. परीक्षा घ्या त्याची.”

“माझे गुडघे फार दुखतात रे,” दॉ ओन ची मोठ्यानं म्हणाल्या, “जिना चढायला हात दे जरा.”

वर ऑफिसात आल्यावर झेयानं दार लावलं आणि त्याची मस्करी संपली.

“मीच बदललं, सयामा. माझं नाव द्या. ऊलेइंना, आपल्या संपादकांना, सोडवा.”

“सगळ्यांना हुतात्मा व्हायची घाई झालीय इथे. आधी ऐकून घे. कधी बदललंस?”

“गुरुवारी सकाळी.”

“गुरुवारी कधी? प्रूफ काढण्याआधी की नंतर?”

“आधी. नंतर कोण बदलणार? शिक्का बसल्यावर एक टिंब हललं तरी छापखान्याला कुलूप लागतं. मी चौदा घालूनच प्रूफ पाठवलं. वाटलं, छाननीवाले पकडतील, टायपाची चूक म्हणून कान उपटतील, आणि मग त्या आईला निदान सांगता येईल की बाई, मी करून बघितलं. पण शुक्रवारी मंजुरीची चिठ्ठी आली.”

“संपादकांनी पाहिलं होतं?”

“पाहिलं. माझ्याकडे बघितलं. मग दोघांसाठी चहा मागवला. एरवी ते स्वतःपुरताच मागवतात.”

दॉ ओन ची खुर्चीत टेकल्या. शिक्का मारलेलं प्रूफ कचेरीतच राहतं. ऑफिसला मिळते ती फक्त काय काय काढायचं त्याची चिठ्ठी. म्हणजे चौदाचं प्रूफ गेलं हे झेयाच्या शब्दावर, आणि सोळाचं प्रूफ कॅप्टनच्या टेबलावर. कुणीतरी खोटं बोलत होतं. एक तर हा पोरगा, नाही तर तो शिक्का.

“झेया, खोटं बोलत असशील तर आत्ताच सांग. मी ओरडणार नाही.”

“तुम्ही ओरडणार नाही म्हणालात की जास्त भीती वाटते,” तो म्हणाला. “पण खरंच सांगतोय.”

४

“गुरुवारी गेलेलं पान अकरा मला सांग,” दॉ ओन चींनी डोळे मिटले. “वरून खाली. काही गाळू नकोस.”

“वर डावीकडे नोटीस. शेजारी चटणी. खाली व्यंगचित्र.”

त्यांनी डोळे उघडले. “कसलं व्यंगचित्र?”

“बेडकाचं. बेडूक छत्री घेऊन गळ्यापर्यंत पाण्यात उभाय आणि म्हणतोय, यंदा पाऊस बेताचाच.”

“आणि ती नूडल्सवाली पोरगी?”

“ती शुक्रवारी आली. बेडूक कापला, भोक पडलं. भोक पडलं की आपण दुसरं काय भरतो?” झेयाला सवयीनं हसू आलं. “लोक रस्त्यात अडवून विचारतात, या आठवड्यात नूडल्स फार दिसतात, काय काय कापलं?”

दॉ ओन ची हसल्या नाहीत. काल काय खटकलं होतं ते आता लख्ख समोर उभं राहिलं. कॅप्टनच्या टेबलावरचं प्रूफ छाननीला गेलेलं, आणि त्यावर नूडल्सची पोरगी हसत होती. जी जाहिरात बेडूक कापल्यावर पानावर आली, ती बेडूक कापण्याआधीच्या प्रूफावर कशी असेल? ते प्रूफ छाननीला कधी गेलंच नव्हतं. ते छपाईनंतर बनवलं होतं.

“छापलेल्या पानांची डिस्क कुठे जाते?”

“नियमाप्रमाणे छाननीत जमा. शनिवारी दिली.” आता झेयाचाही चेहरा बदलला. “म्हणजे त्यांनी डिस्क उघडली, चौदाचं सोळा केलं, कागद काढला...”

“आणि मागच्या तारखेचा शिक्का मारला. शिक्का कुणाच्या ताब्यात असतो?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं. छाननी कचेरीतला ऊ सेन हान. सव्वीस वर्षं ‘पदाउक’ची पानं त्याच माणसानं कापली होती. बेडूकही त्यानंच कापला होता आणि विसरून गेला होता. कापणाऱ्याच्या काही लक्षात राहत नाही. ज्याचं कापलं जातं त्याला ते पाठ असतं.

“काढायच्या मजकुराची चिठ्ठी कुठाय?”

झेयानं भिंतीकडे बोट दाखवलं. एका लांब खिळ्याला अशा चिठ्ठ्यांची चळत टोचलेली होती. धाड घालणाऱ्यांनी सगळ्या फाइली नेल्या होत्या, पण स्वतःच्याच कचेरीचे कागद म्हणून या खिळ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सर्वांत वरची बारा जुलैची. ‘पान ११. खालील व्यंगचित्र काढावे. बाकी मजकूर मंजूर.’ खाली सही.

संपादकांची सुटका त्या बोटभर कागदात होती, आणि दुसऱ्या कुणाची तरी वाट लागणंही त्यातच. दॉ ओन चींनी चिठ्ठी अलगद काढून कमरेला खोचली, तोच दार वाजलं. चहाच्या दुकानातला वर्तमानपत्रवाला दारात उभा होता. तो दोघांकडे बघून फार अदबीनं हसला.

“कॅप्टनसाहेब विचारतायत, सयामा. नाव मिळालं का?”

“उद्या बारा म्हणालेत ना?” दॉ ओन चींनी पिशवी उचलली. “घड्याळ बघता येतं की तेही पाठ करून आलायस?”



५

ऊ सेन हान कचेरीच्या मागच्या वसाहतीत राहत. कधीकाळी कॉलेजात शिकवत असत, म्हणून लोक अजून ‘सया’, म्हणजे सर, म्हणत. इतक्या वर्षांत दॉ ओन ची त्यांच्या घरी पहिल्यांदाच येत होत्या. दार मुलीनं उघडलं. मा थेट सू डॉक्टरकी शिकत होती. तिनं पाहुणीला बसायला दिलं, हिरव्या चहाची किटली आणली, वडिलांकडे न बघता कप मांडले आणि आतल्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

“कॉलेजात सांगते, बाप मत्स्यखात्यात आहे,” ऊ सेन हान म्हणाले. “मी तिला दोष देत नाही. बोला, सयामा. तुम्ही चहाला आलेल्या नाहीत.”

दॉ ओन चींनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, पण बोट तिच्यावरून उचललं नाही. “बेडूक तुम्हीच कापलात, सया. आणि कॅप्टनला दिलेल्या प्रूफावर नूडल्स आहेत.”

ऊ सेन हाननी चिठ्ठीवरची स्वतःची सही वाचली. मग हसले.

“विसरलो,” ते म्हणाले. “आठवड्याला चाळीस-पन्नास कापतो. कुठे लक्षात राहतात.”

“मला एवढंच सांगा. चौदा तुमच्या नजरेतून सुटलं की तुम्ही सोडलंत?”

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. मुलगी दारातून हलली नाही.

“गुरुवारी संध्याकाळी वाचलं,” ऊ सेन हान हळू आवाजात बोलू लागले. “टेबलाखाली हात नेऊन बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. मग पान उलटलं.”

“का?”

“वुन्नाची दोनशे अकरा नावं तुमच्या संपादकांनी छाननीला पाठवली होती, आठवतं? ती माझ्याकडेच आली. मी कापली, आणि नियमाप्रमाणे वर कळवलं. नियमाप्रमाणे, सयामा. चौथ्या दिवशी तो पोरगा आत गेला.” त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. “मला वाटलं, त्याच्या आईला एक दिवस तरी खरा मिळू दे. कुणाच्या ध्यानात येतंय? मग रविवारी सहाशे माणसं आली आणि माझी पाचावर धारण बसली. डिस्क काढली. पुढचं तुम्हाला कळलंच आहे. ऊ थाउंग ल्विनना उचलतील हे मला माहीत होतं. तरी केलं.”

दॉ ओन चींना या माणसाचा सव्वीस वर्षं संताप होता. तो संताप आत्ता नेमका हाताशी नव्हता, आणि याचंच त्यांना वाईट वाटलं.

“उद्या बारा वाजता मी ही चिठ्ठी घेऊन जाणार. तुमचं नाव मी घेणार नाही. पण सही वाचायला त्यांना माझी गरज लागणार नाही.”

“मग आज इथे कशाला आलात?”

“माणसाला न सांगता त्याचं वाक्य कापायचं हे तुमचं काम आहे, सया. माझं नाही.” त्या उठल्या. “सीमेकडची बस पहाटे पाचला सुटते म्हणतात.”

ऊ सेन हान त्यांना दारापर्यंत पोचवायला आले नाहीत. मुलगी आली. तिनं त्यांच्यामागे दार लावून घेतलं.

६

गुरुवारी पावणेबाराला दॉ ओन ची कॅप्टनच्या खोलीबाहेर पोचल्या. उंबऱ्याशी चामड्याच्या चपलांची जुनी जोडी काढून ठेवलेली होती. आत कॅप्टन एकटाच होता.

“या, सयामा. तुमचा त्रास वाचला,” तो म्हणाला. “सकाळी सातला एक जण चालत आला आणि हे लिहून दिलं. वाचा. तुमची आवड आहे ती.”

अक्षर वळणदार होतं, शिक्षकाचं. दॉ ओन चींनी वाचलं.

‘मी वाचले. मी बोटांवर मोजले. मी मंजूर केले. नंतर भ्यालो आणि प्रूफ बदलले. यात ‘पदाउक’च्या कुणाचाही दोष नाही.’

पाच वाक्यं. त्यांनी ती दुसऱ्यांदा वाचली, मग तिसऱ्यांदा, प्रूफ वाचत असत तशी, एकेका शब्दावर थांबत. मग कमरेची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. आता ती लपवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. कॅप्टननं चिठ्ठी पाहिली, शिक्क्याचं प्रूफ पाहिलं, नूडल्सच्या पोरीवर बोट ठेवलं आणि चक्क कौतुकानं मान हलवली.

“आणि मी हे कोर्टात मांडणार होतो! अख्खं रंगून हसलं असतं.”

त्यानं तिन्ही कागद पत्र्याच्या डब्यात घातले आणि लायटर लावला. दॉ ओन चींचा हात नकळत पुढे गेला, आणि तो पुढे गेलेला कॅप्टननं बघितला.

“असं आहे, सयामा. खटला उभा केला तर मंजुरी आमचीच निघते. म्हणून खटला नाही. तुमचे संपादक संध्याकाळी घरी जातील. ‘पदाउक’ बंद. छपाईचं यंत्र बिघडलं, असं जाहीर होईल.”

“आणि ऊ सेन हान?”

“कोण?”

डब्यातला धूर खिडकीकडे गेला. कॅप्टन तसाच गोड आवाजात बोलत राहिला.

“त्या नावाचं इथे कुणी आलं नव्हतं. तुम्ही काही वाचलं नाहीत. म्हणा बघू.”

दॉ ओन चींना भीती वाटली. साधी, अंगातून घाम काढणारी भीती. सकाळी सातला चालत आलेल्याच्या चपला अजून उंबऱ्यावरच होत्या, बसल्या जागेवरून दिसत होत्या.

“मी काही वाचलं नाही,” त्या म्हणाल्या.

७

ऊ थाउंग ल्विन संध्याकाळी घरी आले. दॉ ओन चींनी ही खबर फोनवर ऐकली, “पाय जपा म्हणावं” एवढंच बोलल्या आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे न जाता थेट कचेरीमागच्या वसाहतीत गेल्या. गल्लीच्या तोंडाशी वर्तमानपत्रवाला उभा होता. त्याला दिसेल अशाच बेतानं त्या त्याच्यासमोरून गेल्या. लपूनछपून गेलं तरी तो येणारच होता.

मा थेट सूनं दार उघडलं. रात्रभर तिचा डोळा लागलेला नव्हता.

“बाबा काल पहाटे बाहेर पडले. कचेरीत विचारलं तर म्हणतात, असा माणूस महिन्यापूर्वीच काम सोडून गेला.” तिचा आवाज चढला. “तुम्ही आलात आणि हे झालं. काय केलंत तुम्ही?”

“दुसऱ्या एका माणसाला सोडवलं,” दॉ ओन ची म्हणाल्या. “तुझ्या बापाच्या जिवावर. त्याला बस सांगितली होती मी. तो बसला गेला नाही, त्यांच्याकडे गेला.”

मुलगी दाराला टेकली. दॉ ओन चींना वाटलं ती आता हाकलून देईल, आणि तिनं हाकललं असतं तर त्या निमूट गेल्या असत्या. पण मुलगी बाजूला झाली. दोघी आत जमिनीवर बसल्या.

“त्यानं एक कागद लिहून दिला होता. तो जाळला. पण त्याआधी मी वाचला. म्हणून आले.”

“काय होतं त्यात?”

दॉ ओन चींनी पाच वाक्यं सांगितली. स्वतःचा एक शब्द घातला नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं पुढे पाठवलं होतं, पण इतकं सांभाळून कधीच नाही.

“पुन्हा सांगा.”

त्यांनी पुन्हा सांगितलं.

“आता मी म्हणते,” मुलगी म्हणाली. तिनं डोळे मिटले. “मी वाचले. मी बोटांवर मोजले. मी मंजूर केले. यात ‘पदाउक’च्या कुणाचाही दोष नाही.”

“एक वाक्य गाळलंस.”

“माहीत आहे.” तिनं डोळे उघडले नाहीत. “ते कशाला हवं? लोकांना सांगताना तेवढं नको.”

“ते त्याचं आहे, बाळा. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय. आपण कापायचं नाही.”

बाहेर कुणीतरी फाटकाची कडी काढली. पावलं अंगणात आली आणि दाराशी थांबली. मा थेट सूनं तिकडे पाहिलं, मग दॉ ओन चींचा हात धरला आणि बाहेरच्यालाही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्या वाक्याला तिचा आवाज फुटला, पण ते तिनं पुरं म्हटलं.